तीजाचं लुगडं

रुक्माची पात आजही मागंच राहिली होती. बाकीच्या बायांनी बांधीचं निम्मं पाणी ओलांडलं, तरी ही अजून धुऱ्याजवळच, बांधाच्या कडेलाच. धानाच्या बांधीत निंदायला उतरलेल्या बाया एका ओळीत वाकून पुढं सरकतात. जिच्या वाट्याला जेवढी पट्टी, ती तिची पात. एखादीला लेकरू पाजायला बसावं लागलं, एखादीची कंबर धरली, तर शेजारणी आडवे हात मारून तिचंही तण उपटतात आणि तिची पात ओळीत आणून सोडतात. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी उपकार मानत नाही. पण रुक्माची पात कुणी ओढत नव्हतं. मार खाणारी बाई गावाला आजारी वाटत नाही, अपशकुनी वाटते.

शेवंता धुऱ्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती. भादव्याचं ऊन असं होतं की वाफ वर चालली की आभाळ खाली येतंय, तेच कळेना. बांधीच्या पाण्यात ढग उतरले होते आणि त्या ढगांत बाया उलट्या टांगल्यागत वाकून होत्या. क्षणभर तिला वाटलं, या आभाळच निंदून राहिल्या. मग कुणीतरी खोकललं, पाणी हललं, ढग फाटले.

"रुक्मा वो," तिनं हाक मारली, "पाणी पे अन् मंग चाल."

रुक्मा बाहेर आली. चालताना तिचा डावा पाय जमिनीवर पडण्याआधी जरा थांबत होता. पिंडरीला जळू चिकटली होती. ओळीतून बिसाहिन ओरडली. तिची जीभ तिच्या विळ्याहून धारदार होती.

"देख ना! सबके लेवइया तो परसों आही. रुक्मा के लेवइया आजेच आ गे, गोड़ मा चिपके हे!"

बाया हसल्या. तीजाचा सण तोंडावर होता. या मुलखात तीजाला लग्न झालेली बाई सासरी राहत नाही. बाप नाहीतर भाऊ तिला न्यायला येतो, तो लेवइया. बाई माहेरी जाते, नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंब न घेता उपास करते, आणि दुसऱ्या दिवशी माहेरचं नवं लुगडं नेसून उपास सोडते. सासू कितीही खाष्ट असो, नवरा कितीही दांडगा असो, तीजाला कुणी अडवत नाही. अडवणाऱ्याच्या तोंडावर गाव थुंकतं.

रुक्माला माहेर नव्हतं. आई लहानपणी गेली, बाप त्यामागं. एकच भाऊ, तो वीटभट्टीवर कामाला जम्मूकडं गेला तो गेलाच. दर तीजाला तिच्या गल्लीतल्या सगळ्या बाया निघून जात आणि रिकाम्या गल्लीत रुक्मा एकटी अंगण झाडत राही.

तिनं जळू बोटानं खरवडून काढली. रक्ताचा धागा पिंडरीवरून खाली आला. लुगडं जरा वर सरकलं होतं. मांडीवर पट्ट्याचे वळ होते, काही जुने पिवळे, काही ताजे जांभळे. शेवंतानं पाहिलं. रुक्मानं तिचं पाहणं पाहिलं आणि लुगडं खाली ओढलं.

"पडली का?" शेवंता म्हणाली.

"हव, दाई." रुक्माच्या बोलीत दाई म्हणजे आई.

"पट्ट्यावर पडली?"

रुक्मानं हात पुढं केला. कळशी तोंडाला लावून गटागट पाणी प्याली आणि पुन्हा पाण्यात उतरली.

शेवंताला गावात सगळे मराठिन म्हणत. ती साकोलीकडची. देवराव तिला लग्न करून भिलाईला घेऊन आला तेव्हा तो पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर लागला होता. सारी उमर सेक्टर सहाच्या क्वार्टरात गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा उतईच्या पुढं ही दोन बांध्यांची जमीन आणि कवेलूचं घर घेतलं. पोरगी सुजाता दुर्गला मारहाण झालेल्या बायांच्या मदत केंद्रात काम करी. भिलाईत साऱ्या देशातून माणसं आलेली, तशी तिच्याकडं साऱ्या बोलींतल्या बाया येत. तेलुगू, उडिया, पंजाबी, मुसलमान, छत्तीसगढी, आपल्या मराठीही. सुजाता सांगे, "माय, भाषा सगळ्यायची वेगळी, पण पहिलं वाक्य एकच. मॅडम, बाथरूममध्ये पडले."

धान लावायच्या वेळी, रोप्याला, शेवंतानं सुजाताला रुक्मासाठी बोलावलंही होतं. दोघी रुक्माच्या घरी गेल्या. तिचा नवरा शालिकराम दारातच खाटेवर बसलेला. ट्रॅक्टर चालवणारा, बोलायला मऊ, केस तेलानं चोपडलेले. "अरे मॅडम, आइए, चाय पीजिए." चहा रुक्मानंच आणला, आणि तीही तेच म्हणाली, बाथरूममध्ये पडले. त्या घरात बाथरूमच नव्हतं.

नंतर बांधीवर रुक्मानं आपल्या बोलीत शेवंताला सांगितलं, ते असं होतं, "दाई, मी निघून गेली तर पळून गेली म्हणतील. पळालेल्या बाईचं कुणी ऐकत नाही. ठाण्यात नाही, गावात नाही. माहेराहून गेलेली बाई वेगळी. तिच्यामागं एक दार असते."

ते दार शेवंताच्या डोक्यात तेव्हापासून उघडं होतं, वाऱ्यानं वाजत होतं.

त्या दिवशी दुपारी बाया भाकरीला बसल्या. शेवंता पळसाच्या सावलीत जरा आडवी झाली. डोळा लागला, की नाहीच लागला. तिला दिसलं, तिचा मेलेला भाऊ धुऱ्यावरून येतोय. खांद्यावर पिशवी, पायात चिखल, तिला माहेरी न्यायला यायचा तसाच. ती उठून उभी राहिली. पण भाऊ तिच्याजवळून तसाच पुढं गेला. "मी तुह्यासाठी नाई आलो, बाई," तो म्हणाला, "त्या पोट्टीले न्याले आलो." ती जागी झाली तेव्हा धानाचा हिरवा वास नाकात भरला होता आणि धुऱ्यावर एक बगळा उभा होता.

सांजच्याला देवराव अंगणात खाटेवर बसून खोकलत होता. कोक ओव्हनचा धूर छातीतून निघता निघत नव्हता. दूर प्लांटमध्ये कुणीतरी लोखंडाची वितळलेली मळी ओतली असावी; उत्तरेचं आभाळ कुंकवागत लाल झालं, भिंतीवर लाली हलली, मग हळूहळू विझली. शेवंता त्याच्यासमोर बसली.

"मी रुक्माले तीजाले आपल्या घरी आणतो म्हणतो."

"कावून?"

"तिले माहेर नाई म्हणून."

देवरावानं खोकला आवरला. "आपल्यात तीजा हाय का? नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपाशी मरा! भिंतीवर फोटो कोणाचा हाय, पाय जरा."

"पाह्यला. त्या फोटोतल्या मानसानं काय सांगतलं व्हतं? बाई मार खात असन त चूप बसा म्हणून?"

"तसं नाई वो. पण आपण इथं बाहेरचे. उद्या पाणी तोडतीन, धुरा कोरतीन."

"सारी उमर इथं गेली. तुमची छाती इथं जळली. आता कव्हा घरचे होऊ? मेल्यावर?"

देवरावानं खाटेची दोरी चाचपली. मग हळूच म्हणाला, "न्याले त मानूस लागते म्हणे. बाप नाईतर भाऊ. बाईच्या हाती नाई पाठवत थे."

"मले माईत हाय."

"मी नाई येनार."

"तुमाले कोनं म्हटलं?"

लेवइये गावात येऊ लागले त्या दिवशी शेवंता सकाळीच निघाली. टोपलीत बेसनाची ठेठरी आणि गुळाची खुरमी. रात्रभर बिसाहिनकडून शिकून केली होती, निम्मी जळली होती. धुऱ्याधुऱ्यानं चालताना दव पायांना लागत होतं, धुक्यात झाडं कमरेपर्यंतच उभी होती आणि तिला वाटत होतं आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला वाहून नेतंय. रुक्माच्या गल्लीशी पोचल्यावर पायाला खडा टोचला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ती अनवाणीच आली होती.

गल्ली भरली होती. मोटारसायकली, सायकली, पिशव्या, लाडानं भांडणाऱ्या बाया. एका दारात बाप पोरीला मागं बसवत होता, दुसऱ्यात भाऊ बहिणीच्या लेकराला खांद्यावर घेत होता. रुक्माच्या दारात मात्र तिची सासूच उभी होती, खराटा हातात.

"तीजाले न्याले आली," शेवंतानं टोपली पुढं केली.

सासूनं टोपलीत पाहिलं, मग शेवंताच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं. "तैं कोन होथस? अऊ लेवइया कहां हे? बिन मरद के कोन तीजा लेगथे?" ती गल्लीला ऐकू जाईल अशी हसली. "रुक्मा, देख, तोर भाई आय हे, लुगरा पहिर के!"

गल्ली हसली. शेवंताची कानशिलं तापली. एवढी उमर झाली, कुणी दारात असं नागडं केलं नव्हतं. आत खाटेवर शालिकराम दात घासत बसला होता, तोही हसला. त्याच्यामागं अंधारात रुक्माचे डोळे तेवढे दिसत होते, जनावराचे असतात तसे, न हलणारे.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. देवराव. धापा टाकत, लुंगीचा सोगा वर खोचलेला, हँडलला शेवंताच्या चपला टांगलेल्या.

"चपला इसरली व्हती," तो म्हणाला आणि चपला तिच्यापुढं टाकून परत वळणार, तोच समोरच्या घरातला म्हातारा बोलला, "ले, लेवइया घलो आ गे!"

सगळी गल्ली देवरावाकडं पाहू लागली. सासूचं हसणं तोंडातच राहिलं. देवरावानं शेवंताकडं पाहिलं. शेवंतानं त्याच्याकडं पाहिलंच नाही, ती चपला घालत होती, फार सावकाश. खोकल्याची ढास आली, ती गिळून तो म्हणाला, छत्तीसगढी त्याची नीट कधीच नव्हती,

"बेटी ला तीजा लेगे बर आय हन." लेकीला तीजाला न्यायला आलोय.

शालिकराम उठून दारात आला. चूळ अंगणात थुंकला. गल्लीतल्या सगळ्या बाया, त्यांचे बाप, त्यांचे भाऊ पाहत होते. बायकोला पट्ट्यानं मारताना गल्ली पाहते त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, पण तीजाला अडवताना पाहील याचं वाटलं. मर्दाची लाज अशी असते.

"ले जाओ," तो गोड आवाजात म्हणाला. "मैं खुद लेने आऊंगा."

रुक्मा एक पिशवी घेऊन बाहेर आली. सायकलच्या मागं बसली. शेवंता बाजूनं चालू लागली. अर्ध्या वाटेवर देवराव पुटपुटला, "तुह्या चपलेनं घात केला माहा." रुक्मा हसली. तिचं हसणं शेवंतानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तीजाच्या आदल्या दिवशी कारल्याची भाजी आणि भात खायचा असतो. गावच्या लेकी घरोघर फिरून प्रत्येक घरी एकेक घास कारलं खातात. शेवंताच्या अंगणातही त्या आल्या, माहेर गावातच असलेली बिसाहिन, तिच्या पोरी, इतर गल्लीतल्या, नटलेल्या, पोटातलं सगळं हसून सांडणाऱ्या. रुक्मा त्यांच्यात बसली होती, अजून अंग चोरून. तेव्हा शेवंताला वाटलं, लुगडं आताच द्यावं, चार जणींपुढं. माहेराहून देतात तसं.

ती आत गेली. पेटीत तळाला ठेवलेलं लुगडं काढलं. पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं, कोरं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर नेसायला घेतलेलं. तिच्याकडं त्याहून चांगलं काही नव्हतं. पांढऱ्या लुगड्यातच तिचं लग्न लागलं होतं, पांढऱ्या लुगड्यातच तिनं सुजाताचं लग्न लावलं. घडीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तिनं दोन्ही हातांनी ते रुक्माच्या ओटीत ठेवलं.

हसणं थांबलं. कारल्याचा घास घेतलेला एकीचा हात तोंडाशीच राहिला. दुसरी चटकन उठून बाजूला झाली, जणू अंगावर पाल पडली. बिसाहिननं कपाळावर हात मारला.

"ए का करे मराठिन? पांढर? तीजा मा? ओखर मरद जीयत हे!"

मग शेवंताला उमगलं. इथं पांढरं रांडाव बाई नेसते. नवऱ्याच्या आयुष्याच्या सणाला तिनं या पोरीच्या ओटीत रांडपण घातलं होतं. "नाई वो, बाई, आमच्यात... आमच्यात हे शुभ असते... आण, दे, मी उद्या उतईहून लाल आणून देतो..." तिनं हात पुढं केला.

रुक्मानं लुगडं दिलं नाही. ती त्याच्यावरून तळहात फिरवत होती. चिखल्या पडलेली बोटं, नखांत हिरवं तण, आणि खाली तो पांढरा पसारा. फार वेळ फिरवत राहिली. मग काठ गालाला लावला.

"कतका सुग्घर हे," ती म्हणाली. किती सुंदर आहे.

तीजाच्या दिवशी गाव उपाशी होतं. बाया सावल्यांत लोळत होत्या, ओठ सुकलेले. ऊन झोपल्यासारखं पसरलं होतं, कुत्रीही भुंकत नव्हती. शेवंता अंगणात तांदूळ निवडत होती. रुक्मा घरातून बाहेर आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"दाई, बासी हे का?"

रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात ती बासी. शेवंतानं तिच्याकडं पाहिलं. आज पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता. नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात.

"हाय," शेवंता म्हणाली आणि उठली.

तिनं बासी आणली, वर मीठ, कांदा, हिरवी मिरची. रुक्मा अंगणात, दार उघडं ठेवून, रस्त्याकडं तोंड करून खायला बसली. घास घास करून, न घाई करता. रस्त्यानं एक उपाशी पोरगी गेली, थबकली, पाहत राहिली. रुक्मानं मिरचीचा तुकडा तोडला. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीचं असेल. देवराव दारात उभा राहून पाहत होता, मग आत जाऊन अजून एक कांदा घेऊन आला आणि फोडून तिच्या ताटात ठेवला.

सण झाला. लेकी सासरी परतल्या. शालिकराम आला नाही. एक दिवस गेला, मग अजून गेले. रुक्मा रोज बांधीत निंदायला जाई, सांजच्याला शेवंताजवळ चुलीशी बसे. अंगावरचे वळ पिवळे झाले, मग मावळले. झोपेत ती ओरडत नव्हती. शेवंताला हे दिवस धुक्यागत वाटत, हात घातला तर हाताला काही लागणार नाही असे. ती रुक्माला म्हणे, सुजाताबरोबर चाल, लिहून देऊ. रुक्मा म्हणे, थांब दाई. अजून बिदा झाली नाही. बिदा म्हणजे माहेरची पाठवणी.

मग एका सांजेला सासूचा निरोप आला, उद्या शालिकराम येतो आहे, तयार राहा.

सकाळी रुक्मा आंघोळ करून बाहेर आली ती पांढरं लुगडं नेसून. निळा काठ पायांवर, केस ओले. शेवंताच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"चिखलात नेसते का वो हे कोनी?"

"आज मैं इही ला पहिरहूं," रुक्मा म्हणाली. तिनं कास मारली, विळा घेतला आणि बांधीकडं निघाली.

बाया ओळीत उतरल्या होत्या. धान आता गुडघ्याच्या वर आलं होतं. रुक्मा तिच्या पट्टीत वाकली. हिरव्या बांधीत ते पांढरं दुरून बगळ्यासारखं दिसत होतं. बिसाहिननं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, काही बोलली नाही. आज कुणी काहीच बोलत नव्हतं. नुसता पाण्यात पाय पडल्याचा आवाज.

मोटारसायकल धुऱ्याशी येऊन थांबली. शालिकराम उतरला. नवा शर्ट, केस चोपडलेले. "रुक्मा," त्यानं गोड आवाजात हाक मारली. ती उठून सरळ उभी राहिली. मग त्याला दिसलं.

त्याचा चेहरा हळूहळू बदलला, आधी कळलंच नाही, मग कळलं.

"ए का पहिरे हस?" आवाज फाटला. "मैं मर गे हौं का?"

रुक्मा पाण्यातून चालत धुऱ्यावर आली. लुगड्याचा खालचा भाग चिखलानं काळा झाला होता. ती त्याच्यापुढं हातभर अंतरावर थांबली.

"मोर मइके के लुगरा आय." माझ्या माहेरचं लुगडं आहे.

त्याचा हात उठला. शेवंता घराकडून धावत येत होती, तिला तो हात उठलेला दिसला, तो येणार तेही दिसलं, इतक्या वेळा आलेला तसाच. पण हात रुक्माच्या खांद्याजवळ येऊन थबकला. पांढऱ्याला लागायच्या आधी. जित्या माणसानं आपल्याच सुतकाला कसा हात लावावा? त्यानं हात मागं घेतला आणि पँटीला पुसला, काही लागलंच नव्हतं तरी.

"उतार ए ला. चल घर."

"बिदा मइके वाले मन करथें," रुक्मा म्हणाली. निरोप माहेरचे देतात.

देवराव खोकलत येऊन शेवंतामागं उभा राहिला होता. शालिकरामनं त्याच्याकडं पाहिलं. "ए डोकरा, भेजो इसको. बिदाई का टाइम नहीं है मेरे पास."

"आमाले बिदा कराची नाई," देवराव म्हणाला. मराठीतच म्हणाला. "माहेर आमचं हाय. आमाले वाटन तवा करू. नाई वाटन त नाई करू."

"रुक्मा ठाण्यात जाऊन राहिली उद्या," शेवंता म्हणाली. "माह्या पोरीसंगं. पळून नाई जाऊन राहिली, ध्यानात ठेव. आपल्या घरून जाऊन राहिली."

शालिकरामनं खूप शिव्या दिल्या. मराठी माणसांना दिल्या, बुद्धाला दिल्या, रुक्माच्या मेलेल्या आईला दिल्या. टांगा तोडीन म्हणाला, घर जाळीन म्हणाला. ते त्यानं केलंही असतं. असा माणूस एका लुगड्यानं सुधारत नाही. पण बोलता बोलता त्याची नजर सारखी त्या पांढऱ्यावर जात होती आणि हटत होती. शेवटी त्यानं गाडीला लाथ मारली. ती दोनदा सुरूच झाली नाही. तिसऱ्यांदा झाली.

आवाज विरला तसं पाणी पुन्हा ऐकू येऊ लागलं. रुक्मा तिथंच उभी होती. शेवंतानं तिच्या पाठीला हात लावला.

"चाल घरी. पड जराशी."

रुक्मानं मान हलवली. विळा उचलला आणि पुन्हा बांधीत उतरली. आपली पट्टी शोधू लागली. धुऱ्याशी अर्धवट सोडलेली, तणानं भरलेली. ती सापडेना. वाकून पाहिलं, डावीकडं पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, धानाचे ठोंब मोकळे उभे होते.

ओळ पुढं गेली होती आणि ओळीत, बिसाहिनच्या उजव्या हाताला, एका बाईपुरती जागा सोडलेली होती. तिथपर्यंत तिची पात कुणीतरी ओढून नेली होती.

बिसाहिननं मागं पाहिलं नाही. उपटलेल्या तणाची मूठ धुऱ्याकडं भिरकावून ती म्हणाली, "आथस के नइ? दिन भर खड़े रहिबे का?"

रुक्मा लुगडं सावरत, ढगांवरून पाय टाकत, त्या जागेकडं चालू लागली.